झुंबर आलं, झुरळं गेली

'द सिम्स' हा पडद्यावरच्या माणसांचा संसार चालवायचा संगणकावरचा खेळ फेब्रुवारी २००० मध्ये आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा पहिला एक्सपान्शन पॅक, म्हणजे मूळ खेळात भर घालणारा, वेगळा विकत घ्यायचा भाग, आला. नाव होतं 'लिव्हिन लार्ज'. ऐसपैस जगा, ऐश करा, असा त्या नावाचा सूर. खोक्यात काय काय होतं? हृदयाच्या आकाराचा थरथरणारा पलंग होता, घरकाम करणारा यंत्रमानव होता, जादूचा दिवा होता. त्यांच्याच जोडीला झुरळं होती. घर घाण ठेवलं की ती व्हायची. एक रडका विदूषक होता. त्याचं चित्र भिंतीवर असलं आणि घरातलं माणूस उदास झालं की स्वारी हजर. यायचा हसवायला आणि उरलासुरला आनंदही घालवायचा. दिव्यातला जिन कधी भलं करायचा, कधी मागितलं त्याच्या नेमकं उलटं. आणि काळा झगा घातलेला, विळाधारी मृत्यू या खेळात पहिल्यांदा अवतरला तोही याच पॅकमधून. ऐश विकत घ्या, यम सोबत फुकट.

आता पंधरा वर्षं पुढे या. मे २०१५ मध्ये 'द सिम्स ४'चा पहिला स्टफ पॅक, म्हणजे मुख्यतः सामानाचा आणि कपड्यांचा छोटा पॅक, आला, 'लक्झरी पार्टी स्टफ'. किंमत १० डॉलरला एक सेंट कमी. त्यात पेयांचं कारंजं, बुफेचं टेबल, पार्टीचे झगमगीत कपडे, भारीतलं फर्निचर. सगळं देखणं आहे, मीही ते वापरलंय. पण त्यात झुरळ नाही. विदूषक नाही. यमाचा तर प्रश्नच नाही.

या पंधरा वर्षांत चैनीच्या वस्तू वाढत गेल्या आणि चैनीचं ओझं वजा होत गेलं, ही माझी तक्रार आहे. ती नेहमीच्या तक्रारींपेक्षा वेगळी आहे, म्हणून आधी त्या नेहमीच्या दोन बाजूला ठेवते.

पहिली तक्रार न खेळणाऱ्यांची: "पडद्यावरच्या सोफ्याला खरे पैसे? बसता तरी येतं का त्यावर?" याला उत्तर देण्यात फार वेळ घालवू नये. भातुकलीतल्या कपात कुणी कधी चहा प्यायलं नाही, तरी ती भांडी पिढ्यान्‌पिढ्या विकत घेतली गेली. खेळाची वस्तू खेळायला असते. सिनेमाचं तिकीट काढणाऱ्याला कुणी विचारत नाही की पडद्यावरच्या बंगल्यात तुला राहायला मिळालं का.

दुसरी तक्रार जरा गंभीर चेहऱ्याने केली जाते: अशा पॅकमुळे पोरं चंगळवादी होतात. ही तक्रार करणाऱ्यांनी मूळ खेळ खेळलेला नसतो. कारण चंगळवादाची इतकी पद्धतशीर टिंगल करणारे खेळ फार थोडे झाले असतील.

खेळाचे जनक विल राइट यांचं घर १९९१ साली ओकलंडच्या टेकड्यांवर पेटलेल्या वणव्यात जळालं. सगळा संसार नव्याने जुळवताना कुठली वस्तू आपल्याला कशासाठी लागते, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला आणि त्यातून या खेळाचं बीज पडलं. पहिल्या 'सिम्स'मध्ये माणसाच्या आठ गरजा होत्या. भूक, आराम, स्वच्छता, शू, झोप, करमणूक, सोबत, आणि आठवी म्हणजे खोली किती छान दिसते ती. प्रत्येक वस्तू यांतली कुठली ना कुठली गरज भागवायची. महागडा पलंग असेल तर झोप लवकर पुरी व्हायची. महागडं चित्र लावलं की खोलीची गरज दाखवणारी पट्टी हिरवी. म्हणजे वस्तूंचा कॅटलॉग हाच सुखाचा कॅटलॉग. इथपर्यंत सगळं एखाद्या जाहिरातीसारखं.

पण खेळत राहिलं की खाच कळायची. सुरुवातीला हाताशी २०,००० सिमोलियन, म्हणजे खेळातलं चलन. त्यात दोन खोल्यांचं घर व्हायचं आणि माणूस बऱ्यापैकी सुखात असायचा. मग नोकरीत बढती मिळायची, पैसा यायचा, आपण घर वाढवायचो. मोठा दिवाणखाना, वरचा मजला, बाग, तलाव. आणि मग सकाळी गाडी दाराशी हॉर्न देतेय, माणूस वरच्या मजल्यावरच्या शाही पलंगावरून उठतोय, जिना उतरतोय, तो अफाट दिवाणखाना ओलांडतोय, आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत संगमरवरी फरशीवर त्याची शू झालीय. ऑफिसची गाडी निघून गेलीय. टीव्ही बिघडलाय, डिशवॉशर बिघडलंय, ते दुरुस्त करायला वेळ हवा किंवा माणूस बोलवायला पैसा हवा. पुढच्या बढतीसाठी मित्र हवेत आणि मित्र जोडायला संध्याकाळ शिल्लक नाही. बिलं थकली तर वसुलीवाला येऊन सामान उचलून न्यायचा. वेळ वाचवण्याचं वचन देणाऱ्या वस्तूच शेवटी सगळा वेळ खातात, हा त्यातला विनोद होता. राइट यांनी तो मुलाखतींमधून उघड सांगितलाही आहे.

तो विनोद फक्त वस्तूंवर उभा नव्हता. एका वस्तूमागून जे जे येतं, अंतर, बिघाड, बिल, चोर, आग, त्यावर उभा होता. वस्तू ही त्या गोष्टीतली पहिली ओळ असायची. लक्झरी पॅकमध्ये तेवढी पहिली ओळच विकली जाते.

हे एका रात्रीत झालेलं नाही. 'सिम्स २'च्या काळात २००६ मध्ये 'ग्लॅमर लाइफ स्टफ' आला, २००८ मध्ये 'मॅन्शन अँड गार्डन स्टफ'. 'सिम्स ३'चा पहिला स्टफ पॅक २०१० चा 'हाय-एंड लॉफ्ट स्टफ', नंतर २०१२ मध्ये 'मास्टर सुट स्टफ'. 'सिम्स ४'ची सुरुवातही पार्टीनेच झाली, ते वर आलंच. चैन हा प्रत्येक पिढीत हमखास खपणारा माल आहे आणि तो खपतो याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. मधल्या काळात २००७ मध्ये एच अँड एमच्या कपड्यांचा पॅक आला, २००८ मध्ये आयकियाच्या फर्निचरचा, २०१२ मध्ये डिझेल या ब्रँडच्या जीन्सचा. एरवी जाहिरातदार पैसे देतो आणि आपण जाहिरात बघतो. इथे जाहिरात बघायचे पैसे आपणच मोजले, वर ती स्वतःच्या हाताने घरात मांडली.

आता खरी गंमत पैशाची. या खेळात सिमोलियन मुळात फुकट आहेत. पहिल्या भागात 'क्लापॉशियस' टाइप केलं की हजार मिळायचे, नंतर तो शब्द बदलून 'रोझबड' झाला. 'सिम्स २'पासून 'मदरलोड' लिहिलं की थेट ५०,०००. चार वेळा लिहा, दोन लाख जमा. बहुतेक सगळे कधी ना कधी हे करतात आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्यामुळे खेळातल्या सोन्याच्या नळाची खेळातली किंमत किती का असेना, ती नसल्यासारखीच. खेळाच्या आत गरिबी राहिलीच नाही.

गरिबी गेली कुठे मग? ती पडद्याच्या अलीकडे आली. 'सिम्स ४'मध्ये गॅलरी नावाची सोय आहे. कुणीही बांधलेला वाडा उतरवून आपल्या जागेवर ठेवता येतो. समजा एखादीने महिनाभर खपून महाल रचलाय. जिना, खांब, आरसे, रांगेत टांगलेली झुंबरं. तुम्ही तो उतरवता. ज्या पॅकमधली झुंबरं आहेत तो पॅक तुमच्याकडे नसेल, तर त्यांच्या जागी बेस गेममधला, म्हणजे मूळ खेळातला, एखादा साधा दिवा येऊन बसतो किंवा ती जागा मोकळीच राहते. कुठले कुठले पॅक लागतील त्यांची चिन्हं आधीच दाखवलेली असतात. खात्यात दोन लाख सिमोलियन असलेला तुमचा सिम, म्हणजे खेळातलं तुमचं माणूस, त्या दरबारात उभा, आणि छताला चाळीत शोभेल असा बल्ब. या खेळात आता गरीब सिम असा नसतो. ज्याच्या मालकाने पॅक घेतलेले नाहीत तो सिम गरीब. श्रीमंतीची थट्टा करणाऱ्या खेळात श्रीमंतीची उतरंड खेळाबाहेरच्या दुकानात जाऊन बसली, याची मात्र थट्टा करायला खेळात कुणी उरलेलं नाही.

कंपनीची बाजूही आहे आणि ती पोकळ नाही. ऑक्टोबर २०२२ पासून 'सिम्स ४'चा बेस गेम फुकट आहे. २०१४ साली तो आला तेव्हा त्यात स्विमिंग पूल नव्हते, चालायला शिकणारी बाळं नव्हती. पूल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आले, बाळं जानेवारी २०१७ मध्ये, आणि दोन्ही फुकट. इतकी वर्षं एकच खेळ चालता ठेवायचा, तर चित्रकार, प्रोग्रामर, चाचणी घेणारे यांचे पगार कुठून तरी निघायला हवेत, आणि ते पॅकमधूनच निघणार. हे मान्य. पण मोठे पॅक ४० डॉलरचे, मधले २० चे, स्टफ पॅक १० चे आणि २०२१ पासून ५ डॉलरची किट, असं सगळं गोळा करत गेलं तर बेरीज हजार डॉलरच्या पुढे जाते. किटमध्ये तर बहुतेकदा खेळण्याचं नवं काहीच नसतं, नुसत्या वस्तू किंवा कपडे. मला किटचा राग येत नाही. उलट तो सगळ्यात प्रामाणिक माल आहे. आत फक्त पडदे आहेत असं सांगून पडदेच विकतात.

"मग वस्तू सुट्या विका, ज्याला जी हवी ती तो घेईल," असंही सुचवलं जातं. ते झालेलं आहे. 'सिम्स ३'च्या ऑनलाइन दुकानात सुट्या वस्तू मिळायच्या, पण डॉलरमध्ये नाही, सिमपॉइंटमध्ये. १०० पॉइंट म्हणजे एक डॉलर. म्हणजे खोट्या घरातली खोटी खुर्ची घ्यायला खऱ्या पैशांचे आधी खोटे पैसे करायचे. हिशेब इतका साधा असताना मध्ये पॉइंट कशाला, हा प्रश्न ज्याला पडला त्याला उत्तरही तिथल्या तिथे मिळालं असेल. ३०० पॉइंट हा आकडा वाचताना तीन डॉलर खिशातून गेल्यासारखं वाटत नाही.

शिवाय एवढं मोजून हाती काय येतं, तर परवाना. खरेदीच्या बटणावर 'विकत घ्या' असं लिहायचं आणि द्यायचा वापराचा परवाना, या प्रकाराला कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायद्याने चाप लावलाय. ग्राहकाला मिळतोय तो परवाना आहे, हे तिथे आता स्पष्ट सांगावं लागतं. भातुकलीची भांडी निदान पुढच्या पिढीला देता यायची. इथला चांदीचा चहाचा सेट एका खात्याला बांधलेला.

तरीही मूळ मुद्दा पैशाचा नाही. उद्या सगळे पॅक फुकट झाले तरी माझी तक्रार तशीच राहील. 'पॅरालाइव्ह्‌ज' या नव्या खेळाच्या छोट्या चमूने पैसे घेऊन विकायचे पॅक आपण काढणारच नाही असं जाहीर केलंय. त्याबद्दल त्यांचं कौतुकच. पण फुकटचं झुंबरही नुसतं लटकतच राहणार असेल, तर मिळालं काय?

खेळाडूंना हे कळलेलं आहे, तेही तत्त्वज्ञान न झाडता. 'रॅग्ज टू रिचेस' नावाचा प्रकार बघा. रिकामा प्लॉट घ्यायचा, खात्यातले सगळे सिमोलियन उडवून शून्यावर यायचं, आणि 'मदरलोड'सारखं फुकट पैशाचं चीट वापरायचं नाही अशी स्वतःलाच शपथ घालायची. मग सिम बागेतल्या बाकावर झोपतो, जिममध्ये जाऊन अंघोळ करतो, बेडूक पकडतो, दगड खणतो, मासे धरतो आणि विकतो. असे व्हिडिओ लोक तासन्‌तास बघतात. दुसरा प्रकार 'लेगसी चॅलेंज', ओसाड जमिनीवरून सुरू करून दहा पिढ्या चालवायच्या. हे नियम कंपनीने घातलेले नाहीत. ज्यांच्याकडे ढीगभर पॅक आहेत, ज्यांना एका शब्दात ५०,००० मिळतात, ती माणसं स्वतःहून गरिबी ओढवून घेतात, कारण तसं केल्याशिवाय पहिल्या पलंगाचं अप्रूप वाटत नाही. मी हे तीनदा केलंय. तिन्ही वेळा पहिली भिंत उभी राहिली तेव्हाचा आनंद नंतरच्या कुठल्याही गच्चीवरच्या तलावात नव्हता. दुसऱ्या वेळी भिंत एकच झाली होती, पैसे संपले. तिला टेकवून एक स्वस्तातला पलंग, वर आभाळ. तो फोटो मी अजून जपून ठेवलाय.

मग लक्झरी पॅकमध्ये हवं तरी काय? गरिबीचा पॅक काढा असं मी म्हणत नाही. श्रीमंतीचाच काढा, पण श्रीमंतीचं सगळं लटांबर घेऊन या. पैसा आला की नातेवाईक येतात, ते आणा. जुना मित्र पार्टीला येतो आणि कारंज्याजवळ उभा राहून गप्प होतो, तो आणा. वाडा वारशाने मिळतो आणि त्याबरोबर छताची गळती मिळते, ती आणा. बुफेवर नको इतकं अन्न उरतं ते दुसऱ्या दिवशी कोण उचलतं, ते दाखवा. 'सिम्स २'मध्ये माणसांना इच्छांबरोबर भीतीही असायची. पैशाचा हव्यास असलेल्या सिमला चोरीची, आगीची धास्ती. श्रीमंत माणसाच्या डोक्यात काय चालतं ते एवढ्या छोट्या चौकटीत बसवता येतं, हे याच मालिकेने दाखवून दिलेलं आहे. 'सिम्स ४'मध्ये वस्तूंचा सोस असलेला सिम घडवता येतो. त्याला नवी वस्तू घेतली की बरं वाटतं, हे ठीक. पण ते बरं वाटणं ओसरल्यावर पुढे काय, इथे खेळ गप्प बसतो.

आणि हे स्टफ पॅकमध्ये मावणारच नाही, असं कुणी म्हणू नये. डिसेंबर २०१६ मध्ये 'व्हिंटेज ग्लॅमर स्टफ' आला. तोही १० डॉलरचाच, तोही चैनीचाच. जुन्या हॉलिवूड थाटाचं सामान, आरसा असलेलं शृंगाराचं टेबल. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. बटलर. फोन करून नेमायचा, तो घरातच राहायला येतो, स्वयंपाक करतो, आवराआवर करतो, दारावरची बेल वाजली की पुढे होतो. बाकीच्या पॅकमध्ये सामान येतं, इथे एक माणूस आला.

माझ्या सेव्हमध्ये, म्हणजे मी जपून ठेवलेल्या खेळात, एक म्हातारी नटी होती. तिच्यासाठी मी दोन मजली घर बांधलं होतं. हॉलला दुहेरी उंची, खालपासून वरपर्यंत खिडक्या, आणि मधोमध टांगलेलं झुंबर निवडायलाच मला पाऊण तास लागला होता. बटलर आल्यावर लक्षात आलं की त्याला झोपायला जागाच नाही. जिन्याखाली थोडी मोकळी जागा होती. तिथे एक भिंत घातली, दार लावलं, कॅटलॉग उघडला आणि पलंगांची यादी किंमतीच्या क्रमाने लावली. वरून पहिला निवडला. सगळ्यात स्वस्त. खिडकी द्यायला बाहेरची भिंत नव्हती. दिवा लावायचं राहून गेलं.

हे करताना माझ्या खात्यात काही लाख सिमोलियन होते. खेळाने मला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं, आणि तसं केलं म्हणून शिक्षाही केली नाही. रात्री नटी वरच्या मजल्यावर झोपायला गेली, मग बटलरने हॉलमधले ग्लास गोळा केले, धुतले, आणि जिन्याखालचं दार उघडून आत गेला. मी कॅमेरा तिथे नेला. छत उडवून वरून बघितलं तर खोली पलंगाएवढीच होती, आणि अंधारात त्याच्या गणवेशाचे पांढरे कफ तेवढे दिसत होते.

पलंग बदलायला तीन क्लिक लागले असते. मी झुंबराचा रंग बदलून बघितला आणि सेव्ह करून बाहेर आले.